आज कुटं टाकलं?

आमच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर भाऊसाहेब बसायचे, असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. टेबल त्यांचं होतं, खुर्ची त्यांची होती, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला टॉवेलही त्यांचाच. बसायचं तेवढं राहून जायचं. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, नोंदवहीत नंबर टाकायचा आणि उठायचं. खिडकीशी जायचं, खाली पार्किंगमध्ये बघायचं, 'च्' असा आवाज काढायचा आणि परत यायचं. दुसऱ्या पत्रावर शिक्का, पुन्हा खिडकी. माझं टेबल शेजारीच, त्यामुळे दिवसभर त्यांच्या चपलांची फटक-फटक माझ्या कानात. मी ह्या ऑफिसात बदलून आले तेव्हा पहिला महिनाभर मला वाटायचं, ह्यांना पोटाचा काहीतरी त्रास असावा. शेवटी शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "त्रास पोटाचा न्हाय मॅडम, डांबराचा हाय."

सोलापुरात कुठला ना कुठला रस्ता कायम चालू असतो, म्हणजे वाहनांना बंद असतो. आज होटगी रोड, उद्या अक्कलकोट रोड, परवा आणखी कुठला. त्यामुळे शहरातल्या निम्म्या गाड्यांच्या खालच्या अंगाला काळे ठिपके असतातच. आपण ते बघत नाही. भाऊसाहेबांना मात्र गाडीत दुसरं काही दिसतच नसे. दुसऱ्या मजल्यावरून ते मला सांगायचे, "ती राखाडी गाडी बघा मॅडम, मागच्या चाकाच्या वर. ताजं हाय. सकाळीच लागलंय." मी मान वळवून बघेपर्यंत ते जिन्यात असायचे. त्यांच्या ड्रॉवरमध्ये शिक्के, शाईचं पॅड, टाचण्या आणि त्याच्या शेजारी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरलेलं करडईचं तेल, कापसाची गुंडाळी आणि जुन्या टॉवेलचे घडी घातलेले तुकडे. गाडी कुणाची आहे, त्याला हे चालेल का, असले प्रश्न त्यांना पडत नसत. लोक संध्याकाळी गाडी काढायचे आणि डांबर गेलेलं त्यांच्या लक्षातही यायचं नाही. ह्याचंही भाऊसाहेबांना काही वाटायचं नाही.

मला त्यांचं काम जवळून बघायला मिळालं ते माझ्याच मूर्खपणामुळे. एकदा नवऱ्याची गाडी घेऊन मी ऑफिसला आले आणि येताना दारावर डांबर उडवून घेतलं. घरी बोलणी खायची नव्हती. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या मोरीतली घासणी घेतली, खाली गेले आणि लागले घासायला. वरून आरोळी आली, "ओ मॅडम! ओ, थांबा की ओ!" पाठोपाठ भाऊसाहेब. धापा टाकत आले, माझ्या हातातली घासणी हिसकावली आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडे भिरकावून दिली.

"कातडं सोलताय काय तिचं?" म्हणाले. "रंग हाय तो, पातेल्याचं बूड न्हाय."

घासणी चहाच्या भांड्यांची होती. शिपाई दोन दिवस कुरकुरत होता.

आधी त्यांनी गाडी कडुलिंबाच्या सावलीत घ्यायला लावली. उन्हात हात लावायचा नाही. मग दारावरची धूळ पाण्याने धुतली, कारण माती राहिली की ती पॉलिश पेपरचं काम करते. मग कापसाचे बोळे करडईच्या तेलात बुडवून एकेका ठिपक्यावर चिकटवले. दाराला कुणी मलमपट्टी केल्यासारखं दिसत होतं.

"आता?" मी विचारलं.

"आता थांबायचं."

"किती वेळ?"

"त्याला वाटंल तवर."

आणि मग मी पोट धरून हसले, कारण थांबायचं म्हणणारा माणूस गाडीला गोल गोल फेऱ्या मारायला लागला. खाली बसले, उठले, बोळा उचलून बघितला, परत लावला, घड्याळ बघितलं, टायर दाबून बघितले, माझ्या टायरमध्ये हवा कमी आहे म्हणून मला झापलं. जगातली झाडून सगळी घाईची कामं सोडून ह्या माणसानं नेमकं थांबायचं काम का धरलं असेल, असं मला वाटलं. पाव तासाने कापूस तपकिरी झाला. तेव्हा कुठे टॉवेलचा तुकडा हातात घेतला. तो टॉवेल शेजारच्या पद्मशाली विणकर कुटुंबाच्या मागावरचा, शेकडो धुण्यांनी लोण्यासारखा झालेला. दाब न देता, एकाच दिशेने पुसायचा, प्रत्येक वेळी घडी पालटायची. ठिपका आला तसा निघून गेला आणि खालचा रंग कोरा.

"डांबराशी भांडायचं न्हाय," भाऊसाहेब म्हणाले. "त्याला मनवायचं. रॉकेल, पेट्रोल लावनारी मानसं म्हंजे नुसती गडबड. डांबर जातं, त्याच्यासंगट चकाकी बी जाती."

"पण करडईचंच का? खोबरेल चालत नाही?"

"थंडीत गोठतंय की ते." एवढंच बोलून ते पळाले. वर आवक पडली होती.

सकाळी साडेदहाला त्यांचा फोनचा कार्यक्रम असे. जिल्ह्यात रस्त्यांची कामं करणाऱ्या मुकादमांचे नंबर एका जुन्या डायरीत होते, तालुक्यावार. एकेकाला फोन लावायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: "मी बोलतोय. आज कुटं टाकलं?" तिकडून जे सांगतील ते जुन्या आवक रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहायचं. म्हणे पहिल्यांदा मुकादम घाबरायचे, कुठल्यातरी खात्याची तपासणी असावी म्हणून. पुढे सवय झाली. एखाद्या दिवशी भाऊसाहेबांचा फोन गेला नाही तर तेच उलटे करायचे. बार्शीला निघालेले आमचे साहेबसुद्धा जिन्यात थांबून विचारत, "भाऊसाहेब, वैरागवरून जाऊ का?" आणि भाऊसाहेब रजिस्टर न बघता सांगत, "नगा साहेब, कालच डांबराचा फवारा मारलाय. परवा जावा." साहेब खरंच परवा जात. शासनाची कामं भाऊसाहेबांच्या डांबराप्रमाणे पुढेमागे होत होती आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

आता एवढं झाल्यावर त्यांची स्वतःची गाडी कशी असेल? पांढरीशुभ्र. "काळी घेतली असती तर जन्म सुखात गेला असता," असं मी एकदा गमतीत म्हणाले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गाडी घराच्या शेडमध्ये दोन चादरींखाली झाकलेली असे आणि भाऊसाहेब ऑफिसला सायकलवर येत. गाडी बाहेर निघायची ती लग्नाकार्याला, तीही त्या रजिस्टरच्या पानावर नजर टाकून.

अशाच एका लग्नाला त्यांच्या गाडीतून गेले, ते मी अजून विसरलेले नाही. ऑफिसातल्याच एकाच्या मुलीचं लग्न, मोडनिंबला. सरळ हायवेने तासाभरात पोचायचं. गाडीत पुढे वहिनी, म्हणजे भाऊसाहेबांची बायको, मागे मी. मोडनिंब समोर दिसायला लागलं आणि भाऊसाहेबांनी गाडी बाजूला घेतली, नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले, "टाकलंय." झालं. गाडी वळली ती ऊस, डाळिंब, कुणाची विहीर, कुणाची गुरं असं करत कुठून कुठून हिंडली. दोनदा रस्ता संपला. एकदा एक म्हातारा म्हणाला, हा माझ्या गोठ्याचा रस्ता हाय. साडेबाराचा मुहूर्त होता, आम्ही मांडवात पोचलो तेव्हा मांडवाचे दोर सोडत होते. आचारी पातेली टेम्पोत चढवत होता, त्याने आम्हाला गार वरण आणि भात वाढला. भाऊसाहेब जेवायला बसलेच नाहीत. ते गाडीभोवती फिरून आले आणि जग जिंकल्यासारखे म्हणाले, "एक ठिपका न्हाय!"

वहिनींनी भाताचा घास खाली ठेवला. "मग आता हिचंच लगीन लावा की," म्हणाल्या.

आणखी एक प्रकार सांगते. वरून एक मोठे साहेब तपासणीला आले होते. मीटिंग संपवून सगळा लवाजमा खाली आला तर साहेबांच्या गाडीच्या मागच्या चाकाशी एक माणूस उकिडवा बसलेला. आमच्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मोठे साहेब जवळ गेले तरी भाऊसाहेब उठले नाहीत. मान वर करून एवढंच म्हणाले, "साहेब, धा मिनिटं. भिजत घातलंय." आणि तो एवढा मोठा अधिकारी, फोन हातात धरून, दहा मिनिटं थांबला हो! गेल्यावर आमच्या साहेबांनी लेखी खुलासा मागितला. भाऊसाहेबांनी लिहिलं, 'सदर गाडीस डांबर लागलेले असल्याने ते काढणे भाग पडले.' आणि मग आवक-जावकचे म्हणून स्वतःच त्या खुलाशावर आवक नंबर टाकून शिक्का मारला.

मी हे सगळं हसत सांगते आहे, आणि तेव्हा हसतही होते. पण एक काळ असा आला की ह्या माणसाचा मला संताप यायला लागला.

वहिनी दुधनीच्या. माहेरी सगळं कन्नड. मराठी बोलल्या तरी त्यात तो हेल असायचाच. त्यांची आई, अव्वा, गेल्या दिवाळीपासून अंथरुणाला होती. वहिनींचा मला ऑफिसात फोन यायचा, कारण नवऱ्याला केला तर फोन टेबलावर आणि नवरा खाली पार्किंगमध्ये. "तुमी सांगून बघा ओ त्यांना," त्या म्हणायच्या. "अव्वाला एकदा गाडीत बसवायचंय. गावातनं एक चक्कर. बास. दुसरं काय न्हाय." रेल्वे थेट दुधनीला जाते, दीड-दोन तासांचं काम. वहिनी दोनदा निघाल्याही होत्या. पण फोनवर अव्वाचा पहिला प्रश्न असायचा, गाडी आणतेस का? जन्मात ती कधी एस्टी आणि ट्रॅक्टरच्या पलीकडे बसलेली नव्हती. लेकीच्या गाडीत बसायचं, हे तिने मनाशी धरलं होतं आणि रिकाम्या हाताने तिच्यापुढे उभं राहायचं वहिनींच्या जिवावर यायचं.

भाऊसाहेब दर वेळी म्हणत, "रविवारी जाऊ." शनिवारी सकाळी दुधनीच्या रस्त्यावरच्या मुकादमाला फोन जाई. अक्कलकोटच्या पुढे काम चालू होतं. ऐकून घेत, फोन ठेवत आणि म्हणत, "अजून ओलं हाय." एक रविवार गेला, दुसरा गेला, तिसरा, चौथा. वळशाने जा म्हणावं तर तो वळसाही शेतातून आणि त्यावर पुढे दुसरं काम. त्यानंतरच्या सोमवारी माझा तोल गेला. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "भाऊसाहेब, म्हातारी आजारी आहे. तिला तुमची गाडी धुतलेली हवी आहे की तिची लेक हवी आहे? लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

भाऊसाहेब खिडकीकडे गेले, तिथून दाराकडे, दारातून माझ्या टेबलाकडे. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि चक्क बसले, पण टोकावर, केव्हाही उठतील असे.

"आमची आई डांबराच्या गँगवर होती," ते हळू आवाजात म्हणाले. "वैरागकडं. पायाला गोणपाट बांधून झारीनं गरम डांबर टाकायची. आमी पोरं तितंच खडीवर. रात्रीला आमचं केस, टाचा, कोपरं करडईच्या तेलानं पुसायची. थोडं राहायचंच की ओ. शाळेत पोरं डांबऱ्या म्हनायची, ते काय न्हाय, ते सोडा. हिला बघायला दुधनीला गेलो तवा गावाबाहेर काम चालू होतं. त्यातनं चालत गेलो. नवी चप्पल होती. त्यांच्या ओसरीवर पाय ठेवला आन् काळं उठलं. हिची आई आत जाऊन कन्नडमदी म्हनली, डांबर उकळनारीचा पोरगा, ह्यो जितं पाऊल ठेवंल तितं काळंच व्हनार. तिला वाटलं, मला कन्नड येत न्हाय."

"आणि तुम्हाला येत होतं?"

"गँगवर निम्मी मानसं कर्नाटकातली. दूध पिता पिता शिकलो मी ते." ते उठले. "लग्न झालं. मानसं वाईट न्हाईत. पन त्या घरात मी आजवर एक शब्द कन्नड बोललो न्हाय मॅडम. आन् गाडी नेली तर ती आरशागत नेनार, न्हायतर नेनार न्हाय. तिनं एकदा बघू दे."

मला वाईट वाटलं, आणि राग गेला असंही नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका वाक्यासाठी म्हातारी आज वाट बघते आहे, हे मला पटत नव्हतं. मी तसं सांगितलंही. ते "व्हय" म्हणाले आणि खिडकीशी गेले.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला वहिनींचा फोन आला. भावाने कळवलं होतं, अव्वाचं बोलणं कमी झालंय, डॉक्टर म्हणाले येऊन बघून जा. मी फोन भाऊसाहेबांच्या कानाला लावला. ऐकता ऐकता त्यांचा शिक्का एकाच पत्रावर पडत राहिला, तीनदा, चारदा. मग म्हणाले, "मॅडम, तुमी बी चला."

"मी कशाला?"

"ती रडती ओ. मी गाडी चालवत असताना तिच्याजवळ कोनतरी पायजे."

त्यांच्या घरी जाऊन चादरींखालची गाडी काढली आणि आम्ही निघालो. वहिनी आणि मी मागे. वहिनी रडल्या नाहीत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिल्या. अक्कलकोट जवळ आलं तसं भाऊसाहेबांनी त्यांचा फोन मागे माझ्याकडे दिला आणि मुकादमाचा नंबर लावायला सांगितला. मी स्पीकरवर टाकला.

"आज कुटं टाकलं?" भाऊसाहेबांनी पुढूनच विचारलं.

"तुमच्याच रस्त्याला की भाऊसाहेब. अक्कलकोटच्या म्होरं. आत्ताच फवारा मारून घेतलाय, माल यायचाय. हिकडनं नगा येऊ. वळसा घाला, तासभर जास्ती लागंल बगा."

थोड्याच वेळात ती जागा आली. रस्त्यावर आडवे दगड, डांबराची रिकामी पिंपं आणि त्यावर लाल फडकं. पलीकडे रस्ता काळाकुळकुळीत, पाणी मारल्यासारखा चमकत होता. डाव्या हाताला शेतात उतरणारी मातीची वाट. भाऊसाहेबांनी गाडी उभी केली. मागे वळून वहिनींकडे बघितलं. वहिनी समोरच्या काळ्या रस्त्याकडे बघत राहिल्या. त्यांनी आदळआपट केली असती, टोमणा मारला असता, तर बरं झालं असतं असं मला वाटलं. माझ्याच पायांना स्वस्थता नव्हती. उतरावं आणि चालत सुटावं असं झालं होतं.

भाऊसाहेब उतरले. पिंपापर्यंत गेले, खाली वाकले, रस्त्याला बोट लावलं, वास घेतला. परत आले. येताना एक पिंप हाताने ढकलून बाजूला केलं.

"काचा वर घ्या," म्हणाले.

गाडी पिंपांमधून आत शिरली. लांबून शिट्टी वाजली, झेंडेवाला पोरगा हात हलवत, शिव्या देत आमच्याकडे पळत यायला लागला. पत्र्याखाली आधी चर्र आवाज झाला, मग तडतड, तडतड. हळू चालवलं तर डांबर खालीच उडतं आणि जोरात चालवलं तर पार दारापर्यंत जातं, हे भाऊसाहेबांनीच सगळ्या ऑफिसला शिकवलेलं. त्या दिवशी काटा सत्तरच्या खाली आला नाही. प्रत्येक तडतडीला त्यांची मान आखडायची, मला मागून दिसत होतं. रोलरपाशी मुकादम उभा होता. त्याच्या शेजारून जाताना भाऊसाहेबांनी एक हात वर केला, माफी मागितल्यासारखा. "पोरांचं काम नासवलं मी," असं काहीतरी पुटपुटले. वहिनींनी माझा हात धरला होता तो दुधनी येईपर्यंत सोडला नाही.

घरापुढे गाडी थांबली आणि वहिनी आत धावल्या. मी उतरून गाडी बघितली. दारांच्या मुठींपर्यंत काळी, मागचा पत्रा तर दिसतच नव्हता. भाऊसाहेबांनी डिकी उघडली, तेलाची बाटली काढली, बाटलीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. एवढ्याशा तेलाने काय होणार होतं?

"राहू दे ते," मी म्हणाले. "आत चला आधी."

"कसा जाऊ ओ?"

तेवढ्यात वहिनींचा भाऊ बाहेर आला. भाऊसाहेबांच्या हातातली बाटली बघून त्याला काही कळेना. "भाऊजी, आत या की. अव्वा जरा बरी हाय आता. आवाजावरनं वळखती सगळ्यांना."

"आवाजावरनं?"

"डोळं गेलं की तिचं. उजेड, अंधार तेवढं कळतंय. महिना-दीड महिना झाला. ताईला घोर नको म्हनून फोनवर बोललो न्हाय. तुमी येशिला तवा कळंलच म्हनलं."

भाऊसाहेबांनी बाटली डिकीत ठेवली. ठेवताना ती आडवी झाली, तेल सांडायला लागलं, ते त्यांनी बघितलं आणि सरळ केली नाही.

अव्वाला बाहेर आणली ती खुर्चीत बसवून. भावाने एका बाजूने धरलेलं, शेजारच्या एकाने दुसऱ्या. मूठभर राहिली होती बिचारी. घरातल्यांनी नको नको म्हटलं, पण गाडी आली म्हटल्यावर ती ऐकेना. भाऊसाहेबांनी पुढचं दार उघडलं, त्यांचा तळहात काळा झाला. तो पँटला पुसला आणि दोन्ही हातांनी त्यांनीच तिला उचलून सीटवर ठेवलं. आम्ही मागे बसलो. एसी लावला. अव्वाने हात पुढे करून गार वारा चाचपला, सीट चाचपली, काच चाचपली आणि विचारलं, "याव बण्ण?"

रंग कुठला? सोलापुरात राहून एवढं कन्नड मला कळत होतं. वहिनी सांगायला पुढे वाकल्या, पण त्यांच्याआधी उत्तर आलं.

"बिळी, अव्वा." पांढरा.

वहिनी जागच्या जागी थिजल्या. पंचवीस वर्षांत नवऱ्याच्या तोंडून ही भाषा त्यांनी कधी ऐकलेली नव्हती. भाऊसाहेब समोर काचेतून बघत होते. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, तिला कुठे दिसत होतं? पण ते थांबले नाहीत. "डांबर हत्त्येद," म्हणाले. डांबर लागलंय.

अव्वाने तोंड त्यांच्याकडे वळवलं. "रस्ता आतेनू?" तिने विचारलं. रस्ता झाला का?

"होतोय," ते कन्नडमध्ये म्हणाले. "थोडा राहिलाय."

अव्वा हसली. मग सावकाश, मध्ये मध्ये दम खात जे बोलली ते वहिनींनी मला नंतर मराठीत सांगितलं, पण तेव्हाही कळायचं ते कळलंच. ती म्हणाली, बरं झालं. आता लेकीला यायला उशीर नाही लागायचा.

भाऊसाहेबांनी गाडी चालू केली. बाजार समितीवरून, स्टेशनवरून, देवळावरून चक्कर मारली. लोक गाडीकडे बघत होते, कुणी बोट दाखवत होतं. परत घराशी आलो तेव्हा अव्वा झोपली होती. तिच्या हातात भाऊसाहेबांच्या शर्टाची बाही होती, मुठीत धरलेली. भावाने दार उघडायला हात घातला, तर भाऊसाहेबांनी मानेने नको म्हटलं.

"झोपू दे," ते पुटपुटले. "तुमी जावा आत. मी हाय की हितं."

आम्ही आत गेलो. चहा झाला, जेवणं झाली. ताट वाढलंय म्हणून मी दोनदा दारात येऊन खूण केली, दोन्ही वेळा त्यांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं. घराची सावली सरकली आणि ऊन थेट गाडीवर आलं. दारावरचं डांबर मऊ होऊन खाली ओघळायला लागलं होतं. एसीसाठी इंजिन चालू होतं आणि भाऊसाहेब तसेच बसून होते.